कानातला रातकिडा: नागपूरच्या एका जॅझ ड्रमरचं प्रकरण

फेब्रुवारी संपत आला की माझ्या ऑफिसात माणसं पिशव्या घेऊन येतात. बिलं, पावत्या, बँकेचे कागद, सगळं एकात एक कोंबलेलं. सर मात्र दरवर्षी एकच वही आणतात, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानदार रोजमेळाला वापरतात तसली. २०२३ सालीही आणली. पण नेहमीसारखे समोर न बसता खुर्ची ओढून माझ्या डाव्या हाताला येऊन बसले. मी पाहतच राहिलो तेव्हा म्हणाले, "इथूनच बोला वकीलसाहेब. डाव्या कानात रातकिडा बसला आहे जी. पंधरा दिवस झाले, जाऊनच नाही राहिला."

मी वकील नाही. आयकराची विवरणपत्रं भरून देतो, छोट्या दुकानदारांची खातीपोती पाहतो. पण नागपुरात जुन्या वळणाची माणसं या कामाला बसलेल्या कोणालाही वकीलसाहेबच म्हणतात, आणि सर पन्नाशीचे असले तरी वळण जुनंच.

सर ड्रम वाजवतात. लग्नातले वाजवतात, नाताळातले वाजवतात, पण जीव आहे तो जॅझमध्ये. शिकवतात. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहितात. त्यांचे हिशेब तेरा वर्षं माझ्याकडे आहेत आणि माझा मुलगा दोन वर्षं त्यांच्याकडे शिकून सोडून बसला, म्हणजे मी त्यांना दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. हे प्रकरण त्यांना विचारूनच लिहितो आहे. नाव नको म्हणाले. आकडे खरे, फक्त गोल केलेले.

माणूस

बालपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील रेल्वेत कारकून, संध्याकाळी भजनी मंडळात तबल्यावर. मुलगाही तबल्यावरच बसायचा. पण रेल्वेच्या गावात तबला एकटा नसतो. रेल्वेबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबं आली, गोव्याकडची आली, त्यांच्यामागून नाताळचा नाच आणि बँड आला. चौदाव्या वर्षी सरांनी पहिला ड्रमसेट जवळून पाहिला तो अशाच एका नाताळात. वाजवणारा म्हातारा मोहननगरात राहायचा. त्याने शिकवायचं कबूल केलं, फी काय तर आठवड्याचं गव्हाचं पीठ दळून आणायचं. चार वर्षं सरांनी सायकलवर पिठाचा डबा वाहिला. म्हातारा गेला तेव्हा त्याची बावीस इंची राइड झांज, म्हणजे ड्रमर जिच्यावर ताल धरून ठेवतो ती मोठी झांज, सरांकडे आली. काळवंडलेली, कडेला एक छोटी चीर, आणि आवाज असा की एकदा वाजली की खोलीतून लवकर निघत नाही. ही झांज लक्षात ठेवा.

मुंबईत सहा वर्षं काढली. मुंबईला जॅझ नवा नव्हता. १९३५ मध्ये अमेरिकेचे लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन ताज हॉटेलात आले होते, पुढे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे वादक त्याच वळणावर तयार झाले. त्यांतले बरेच जण दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी वाजवायचे आणि रात्री हॉटेलात जॅझ. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो पितळी झणका आहे त्यामागे चिक चॉकलेट यांचाही हात आहे. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये सुरू झालेला जॅझ यात्रा हा महोत्सव सरांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रंगभवनात ऐकला, स्टेशनवर झोपून. म्हणून तर मुंबई गाठली. पण ते पोचले तेव्हा हॉटेलवाल्यांना चार माणसांचा बँड परवडेनासा झाला होता. ताल भरून ठेवलेला एक कीबोर्ड आणि एक गायिका, एवढ्यात भागायचं. ड्रमर सगळ्यांत आधी गेला. वडिलांना अर्धांगवायू झाला आणि सर परत आले. हे निमित्त नसतं तरी आलेच असते, असं ते आता कबूल करतात.

नागपुरात जॅझवर पोट भरत नाही, हे सांगायला माझी गरज नाही. डिसेंबरात जरा हालचाल असते. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन येतं, हॉटेलं भरतात, मग नाताळ, मग एकतीस तारीख. मार्चपासून ऊन चढतं आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की उघड्यावर वाजवायला कोणी बोलावत नाही. लग्नाचा ऑर्केस्ट्रा असतो, पण तिथे वाजवायचं ते सिनेमाचं. खुद्द जॅझ म्हणजे महिन्यातला एक रविवार, रामदासपेठेतल्या एका कॅफेत, तिघांचा संच. पियानोवाला चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, बेसवाला बँकेत आहे आणि भंडाऱ्याहून येतो. ऐकायला पंचवीस माणसं, त्यांतली दहा कॉफीला आलेली. फर्माईश एकच: डेव्ह ब्रुबेक यांच्या संचाची टेक फाइव्ह. १९५९ च्या त्या तबकडीवर ड्रमर जो मॉरेलो यांनी पाच मात्रांचा तीन-दोन असा तुकडा इतका सहज चालवला आहे की पासष्ट वर्षांनंतरही ज्याला जॅझमधलं काहीच माहीत नसतं त्याला तेवढं माहीत असतं. त्याच्या आदल्या वर्षी ब्रुबेक यांचा संच भारतात येऊन गेला होता, मुंबईत सतारिये उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसला होता. सर कॅफेत हे सांगतात, लोक मान डोलावतात आणि पुन्हा फोनमध्ये बघतात.

विदर्भातल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. नोकरीच्या पगारावर शेती करणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. शेती तोट्यात असते, सगळ्यांना ठाऊक असतं, पण विकत कोणी नाही. सरांचा जॅझ म्हणजे ती शेती. २०२२-२३ च्या वहीत जॅझचं उत्पन्न ३१,००० आणि खर्च ३८,००० होता. बेसवाल्याचं पेट्रोल सर देतात, पियानोवाल्याला जेवू घालतात. मी तेरा वर्षं या ओळीवर बोट ठेवत आलो आहे.

बाकी ओळी अशा. क्लासमधून ४,६०,०००. विद्यार्थी बावीस, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, सुट्ट्या वजा जाता साडेदहा महिने. लग्नं आणि ऑर्केस्ट्रा १,१०,०००. लिखाण १८,०००. सगळं मिळून ६,१९,०००. त्यातून खोलीचं भाडं, वीज, काठ्या, ड्रमची चामडी (असते प्लास्टिकची, पण सर चामडीच म्हणतात) आणि जॅझ वजा केला की हातात उरायचे सव्वाचार लाखाच्या आत.

या प्रकरणात ज्याचा उल्लेख कोणी करत नाही ते आधीच सांगून टाकतो. वहिनी कळमेश्वरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. घराचा हप्ता, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी, सासूबाईंची औषधं, सगळं त्यांच्या पगारातून जातं. कलावंतांच्या मुलाखतींत संघर्ष असतो, गुरू असतो, पावसात भिजलेली रात्र असते. बायकोच्या पगाराची स्लिप कुठे नसते.

कान

तपासणीचा आलेख सरांनी वहीतच खोचून आणला होता. उजव्या कानाची रेघ बरी. डाव्या कानाची रेघ सरळ जाता जाता ४००० हर्ट्झला विहिरीत पडावी तशी खाली गेलेली, पंचेचाळीस डेसिबलपर्यंत, आणि पुढे पुन्हा वर. मोठ्या आवाजाने गेलेला कान असाच दिसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आतल्या शंखाकृती नळीत केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. औषध नाही. रातकिडा, म्हणजे कानातली ती किरकिर, राहणार, फक्त सवय होते. डावाच का, तर हाय-हॅट त्याच बाजूला असतो. दोन झांजा पायाने एकमेकींवर आपटतात आणि तो कडक आवाज थेट डाव्या कानात जातो. सरांच्या खोलीत विद्यार्थी बसायचा तोही सरांच्या डाव्याच बाजूला.

नेमक्या त्याच महिन्यात शहराबाहेरच्या एका मोठ्या शाळेचा निरोप आला. संगीत शिक्षक, पूर्ण वेळ, चाळीस हजार, भविष्य निर्वाह निधी, मे महिन्याचाही पगार. अटी दोन: बाहेर क्लास घ्यायचा नाही आणि शाळेचा संचलनाचा बँड उभा करायचा.

मी अर्ध्या तासात कागदावर मांडून दाखवलं. वर्षाचे ४,८०,०००, खोलीचं भाडं नाही, काठ्या शाळेच्या, वर निधी. आणि कानाला आराम. "घेऊन टाका," मी म्हणालो. सर म्हणाले, "बघतो." वही माझ्याकडेच राहिली.

ही वही दोन पानी असते. डाव्या पानावर पैसे. उजव्या पानावर कोण आलं, काय शिकवलं, किती वेळ. उजवं पान मी तोवर कधी वाचलं नव्हतं, कारण आयकर खात्याला ते लागत नाही. त्या रात्री कान डोक्यात होता म्हणून बेरीज मारली. वर्षभरात मंचावर वाजवलेले तास ९४. लग्नं, ऑर्केस्ट्रा, नाताळ, कॅफे सगळं धरून. त्यात जॅझ फक्त बावीस तास. क्लास: आठवड्याला बावीस तास, शेहेचाळीस आठवडे, म्हणजे १,०१२.

मी गृहीत धरून चाललो होतो की कान मंचावर गेला. लोकही तसंच धरतात, की ड्रमर म्हणजे रात्रीचा गोंगाट. प्रत्यक्षात पोट भरणाऱ्या खात्यानेच कान खाल्ला होता.

आणि खोली. धरमपेठेतलं मागच्या अंगणातलं दहा बाय बाराचं बांधकाम, वर स्लॅब. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि शेजारच्या काकांना ती तोंडपाठ. त्यांच्या तक्रारीनंतर २०१९ मध्ये सरांनी खिडकी विटांनी बुजवली, आतून अंड्यांचे ट्रे चिकटवले. अंड्यांच्या ट्रेने आवाज अडतो ही समजूत कुठून आली देव जाणे. त्याने घुमारा जरा कमी होतो, एवढंच. आवाज अडवायला वजन लागतं आणि दोन भिंतींमध्ये पोकळी लागते. वजन विटांनी दिलं. काकांना शांतता मिळाली, आणि जो आवाज खिडकीतून बाहेर जायचा तो चार वर्षं सरांभोवती फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाइलच्या मापकावर मोजलं. ते फार अचूक नसतं, पण विद्यार्थी रंगात आला की काटा शंभराच्या आसपास. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यासाठी वापरतात तो ठोकताळा असा: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार, ९१ ला दोन. शंभराला येईतो पंधरा मिनिटं उरतात. सर रोज चार तास बसत होते. कानात बोळे का घातले नाहीत? "पोरगं काय विचारून राहिलं ते ऐकू कसं येणार?"

निर्णय

म्हणजे माझा सल्ला बरोबर ठरायला हवा होता, क्लास बंद होणार होता ना. पण सर शाळेत जाऊन आले. बँडची तालीम पत्र्याच्या शेडमध्ये. पंचेचाळीस मुलं, अकरा साइड ड्रम, चार मोठे ढोल. वीस मिनिटांत सर बाहेर आले आणि झाडाखाली उभे राहिले. मला तिथूनच फोन. "वकीलसाहेब, हे तर माझ्या खोलीचं मोठं भावंड आहे."

त्यांनी शाळेला वेगळं सुचवलं: आठवड्याला दोन दिवस येतो, बँड दुसरा कोणी घेईल, मी लहान वर्गांना ताल शिकवतो. शाळेने नको म्हटलं. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांना सव्वीस जानेवारीला संचलन हवं होतं.

घरात बैठक झाली, मीही होतो. तर्री पोहे झाले, चहा झाला, मी पुन्हा कागद मांडला. वहिनींनी तो पाहिलासुद्धा नाही. "पगार माझा आहे ना अजून अकरा वर्षं? मग तुम्ही कान वाचवा. बाकी बघू." सरांना बोलायला काही उरलं नाही, मलाही नाही.

सरांच्या खोलीत अ‍ॅलन डॉसन या ड्रमरचा एक फोटो आहे, साध्या कागदावर छापलेला, कोपरे वळलेले. डॉसन बॉस्टनचे. जॅझचं सगळं न्यूयॉर्कात चालत असताना हा माणूस आपल्या गावात राहिला, १९५७ ते १९७५ अशी अठरा वर्षं तिथल्याच बर्कली संगीत महाविद्यालयात शिकवलं, आणि त्याच्या हाताखालून ड्रमर टोनी विल्यम्स निघाला, जो १९६३ मध्ये सतराव्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या संचात गेला. डॉसन स्वतः ब्रुबेक यांच्यासोबतही वाजवत होते. १९७५ मध्ये पाठीची चकती फाटल्यावर बर्कली सुटलं आणि ते घरी शिकवायला लागले. सरांना या गोष्टीत काय दिसतं ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मला वाटायचं, लहान शहरातल्या माणसाने स्वतःची समजूत घालायला लावलेला फोटो. पण सर डॉसन यांच्या शिकवण्याबद्दल बोलतात. विद्यार्थ्याने हाताने व्यायाम वाजवायचा आणि तोंडाने गाणं म्हणायचं, दोन्ही एकदम, म्हणजे आपण गाण्यात कुठे आहोत हे सुटत नाही. आपल्याकडे तबलजी लेहऱ्यावर, म्हणजे सतत फिरणाऱ्या एका सुरावटीवर, वाजवतो ते यापेक्षा काय वेगळं?

त्यातूनच मार्ग निघाला. ड्रमसेटवर बसून शिकवायची गरज किती आहे, हे सरांनी उजव्या पानावर खुणा करून काढलं. तासातली फार तर दहा मिनिटं. बाकी हात, मोजणं, ऐकणं. ते रबरी पॅडवर होतं. जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं १९३५ चं जे पुस्तक जगभरचे ड्रमर अजून घोकतात, त्यात पहिल्याच पानावर चोवीस व्यायाम आहेत, उजवा-डावा यांच्या नुसत्या अदलाबदलीचे, आणि प्रत्येक वीस वेळा न थांबता वाजवायचा. त्याला झांज कशाला हवी?

मेपासून नियम बदलले. पन्नास मिनिटं पॅड किंवा तारांचे ब्रश, शेवटची दहा मिनिटं ड्रमसेट. सर आणि विद्यार्थी दोघांच्या कानात वादकांसाठीचे बोळे, जे सगळेच स्वर साधारण सारखे खाली आणतात, त्यामुळे बोलणं कळतं. गांधीबागेतून सहा जाड रजया आणून भिंतींना टांगल्या. बुजवलेली खिडकी तशीच ठेवली. काकांशी पुन्हा वाद नको.

पालक बिथरले. "पैसे ड्रमचे घेता अन् रबर बडवायला लावता?" हे मी स्वतः ऐकलं आहे. जूनमध्ये बावीसचे तेरा झाले. लग्नांच्या ऑर्केस्ट्राला सरांनी नकार दिला, डीजेच्या भिंतीशेजारी बसणार नाही म्हणाले. २०२३-२४ ची बेरीज ४,८५,००० आली, त्यातही १,२०,००० एका छोट्या शाळेचे, जिने दोन सकाळी तालाचा तास लावून घेतला. एकूण उत्पन्न पाचव्या हिश्शाहून जास्त घसरलं. मी काही बोललो नाही. मनात मात्र होतं की चाळीस हजार सोडले.

वर्तमानपत्राचा कागद

त्या पावसाळ्यात एकदा सही घ्यायला क्लासवर गेलो होतो. इतवारीतला एक पोरगा होता, दहावीतला, ढोल-ताशा पथकात ताशा वाजवणारा. मनगट असं की बघत राहावं, पण हळू म्हणजे काय हेच माहीत नाही. सरांनी स्नेअरवर, म्हणजे सेटमधल्या पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर, वर्तमानपत्राचं पान पसरलं आणि त्याच्या हातात तारांचे ब्रश दिले. "कागद फाटला नाही पाहिजे. अन् थांबला पण नाही पाहिजे." डावा ब्रश गोल फिरवायचा, दळण दळल्यासारखा, उजव्याने त्यावर ताल ठेवायचा. पोराने पहिल्याच फेरीत पान टराटरा फाडलं. दुसरं पान. ते मधोमध चिरलं. तिसऱ्या पानाला सरांनी त्याचा हात धरला नाही, नुसतं तोंडाने म्हणायला लागले: तकिट, तकिट, तकिट, तकिट. मग मधलं अक्षर गिळलं. त-ट, त-ट. मग पहिल्या नि तिसऱ्या टाळीवर नुसता ता ठेवून दुसऱ्या आणि चौथीवर त-ट: ता, त-ट, ता, त-ट. "हे स्विंग आहे, जॅझचा झोका. तिस्र जातीतला, म्हणजे तिघांच्या गटातला, मधला पाहुणा घरी गेला, बाकी दोघं बसले आहेत."

पोरगा हसला. आणि कागदावरून आवाज आला, चाळणीतून रवा पडतो तसा. ट्युबलाइटची गुणगुण ऐकू येत होती, एवढं हळू. सरांनी डोकं वळवून उजवा कान पुढे केला.

ते "मधला पाहुणा घरी गेला" सर त्या आठवड्याच्या सदरात लिहून गेले. सदर सातशे शब्दांचं. मानधन इतकं किरकोळ आणि इतकं उशिरा की मी ते लिखाण बंद करायला दोनदा सांगितलं होतं. विषय कसलेही असतात: तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या हातात आई शोभाताई गुर्टूंची ठुमरी कुठे ऐकू येते, मॅक्स रोच यांच्यासारखा मोठा ड्रमर सत्तरच्या दशकात विद्यापीठात शिकवायला का गेला, आपल्याकडचे श्रोते समेवर टाळी देतात आणि जॅझचा हाय-हॅट दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर का बंद होतो. मला त्यांतले काही लेख लांबलेले वाटतात. शिवाय प्रत्येक लेखात एकदा तरी मोहननगरचा म्हातारा येतोच.

पॅडवर शिकवायचं ठरल्यावर मात्र सरांना लिहावंच लागलं. ड्रमसेटवर दाखवता येत होतं ते आता सांगायचं होतं. साठ पानांची अभ्यासवही झाली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या तालवादकांच्या संस्थेने चाळीस मूळ व्यायामप्रकारांची जी यादी ठरवली तिच्यातले निवडक, समजावणं मराठीत, बोल तबल्याचे, आणि खुणा भातखंडे पद्धतीच्या: समेला फुली, खालीला शून्य. सीताबर्डीत झेरॉक्स, स्पायरल बांधणी, किंमत २५०. मी म्हटलं ४०० ठेवा. नाही ठेवली. प्रस्तावना सहा पानी, तीही कापा म्हटलं, तीही नाही.

ती वही वर्ध्याला गेली, चंद्रपूरला गेली, अमरावतीला तबल्याच्या एका क्लासने एकदम पंधरा घेतल्या. ज्यांच्या गावात ड्रमसेट नाही त्यांना पॅड परवडतं, ही गोष्ट आम्हा दोघांच्याही आधी लक्षात आली नव्हती. पाच जण आता व्हिडिओ कॉलवर शिकतात. त्यांतल्या तिघांनी आधी सदर वाचलं होतं. कात्रण कोणीतरी फोटो काढून पाठवलं होतं म्हणे. तेव्हापासून मी मानधनाबद्दल गप्प आहे.

२०२४-२५ ची बेरीज ६,०३,०००. जुन्या आकड्याला अजून सोळा हजार कमीच. क्लासचे विद्यार्थी पंधरा, लिखाण आणि अभ्यासवही ५२,०००, लग्नं जवळपास शून्य. जॅझचं उत्पन्न ३३,०००, खर्च ४१,०००. उजव्या पानावर ड्रमसेटच्या आवाजातले क्लासचे तास साधारण ११५.

डाव्या कानाची रेघ २०२४ मध्ये पंचेचाळीसवरच होती. यंदा पन्नास आली. सर हादरले. डॉक्टर म्हणाले, पाचाचा फरक तपासणीत असतोच, घाबरू नका. रातकिडा आहे तिथेच आहे. पंखा लावून झोपतात, थंडीतसुद्धा, त्याच्या आवाजात तो बुडतो. वहिनी दोन गोधड्या घेतात.

घाबरू नका म्हटलं तरी सरांनी एक केलं. म्हाताऱ्याची राइड झांज कॅफेत न्यायची नाही असं ठरवलं. तिच्याऐवजी वीस इंची, पातळ, आवाज लवकर विझणारी एक घेतली. पण जुनी घरात असली की हात जातो म्हणाले, म्हणून ती माझ्या ऑफिसात आणून ठेवली. फायलींच्या कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळून. "तुमच्याकडे सगळ्यांचंच पडून असते जी," एवढंच बोलले.

गेल्या आठवड्यात झाडू मारताना पोराने कपाट सरकवलं. चादर बहुतेक आधीच सुटली होती. समोर पक्षकार बसले होते, धान्याचे व्यापारी, जीएसटीच्या नोटिशीमुळे आधीच घायकुतीला आलेले. आवाज झाला, आणि तो काही केल्या संपेना. पोरगा झाडू घेऊन तसाच उभा. व्यापाऱ्यांनी कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो पुरता विझल्यावर विचारलं, "वकीलसाहेब, हे कोणाचं आहे?"